घट्टताईंनी सैल केलेलं इंजिन

घट्टताईंनी लावलेलं बरणीचं झाकण घरात दुसऱ्या कुणालाच उघडत नसे. यजमान आधी फडक्यानं धरून पाहत, मग गरम पाण्याखाली धरत आणि शेवटी बरणी मुकाट्यानं त्यांच्यासमोर आणून ठेवत. ताई एका पिळात ती उघडत. "एवढंसं तर होतं," असं वर म्हणतही. घट्टताई हे नाव मुळात गॅरेजातलं, पण घरी कुणी ते खोटं पाडायला गेलं नाही.

गॅरेजात त्या एकतीस वर्षांपूर्वी आल्या त्या स्पेअर पार्टच्या खिडकीवर बसायला. पदार्थविज्ञान घेऊन पदवी झाली होती, शाळेत जागा मिळत नव्हती, दोन महिने इथं काढू असा विचार होता. मेकॅनिक खिडकीशी येत, "एक बेअरिंग द्या" म्हणत. ताई विचारत, "कुठल्या मापाचं?" "असेल नेहमीचंच." हे उत्तर त्यांच्या पचनी पडत नसे. त्या खिडकी लावून घेत, मायक्रोमीटर उचलत आणि थेट गाडीखाली शिरत. दोन महिन्यांचे सहा झाले, मालकांनी खिडकीवर दुसरं माणूस बसवलं, आणि तेव्हापासून इंजिन उघडायचं आणि बंद करायचं काम ताईंकडे आलं ते आलंच.

त्यांच्या हातचं इंजिन तेल पीत नसे, धूर ओकत नसे, उगाच आवाज करत नसे. दोन भागांमध्ये किती फट ठेवायची याचं कंपनी कमीत कमी आणि जास्तीत जास्त असं माप देते. ताई नेहमी कमीत कमीवर जात. जागा ठेवली की खडखडाट आलाच, असं त्यांचं ठाम मत. शेजारच्या खोलीत लेथ चालवणारे मामा म्हणत, "ताईंच्या इंजिनात हवासुद्धा परवानगी काढून जाते."

लेक गुरांची डॉक्टर झाली आणि घाटावरच्या पठारावरचे गोठे तिच्याकडे आले, तेव्हा ताईंनी आपली जुनी गाडी तिला देऊन टाकली. गाडी सपाटीवर गुणाची होती. घाट लागला की मात्र रडकुंडीला यायची. मागे औषधांची खोकी, सलाइनच्या बाटल्या, दोरखंड, बादल्या, आणि वर उंचावरची विरळ हवा. इंजिनाला धाप लागायची, शेवटची चार वळणं पहिल्या गिअरमध्ये रांगत काढावी लागायची.

"हळू जात जा गं," ताई फोनवर सांगत.

"आई, याहून हळू गेले तर गाडी मागे यायला लागेल."

एकदा एका गायीचं वासरू अडलं होतं. लेक पोचली ती वीस मिनिटं उशिरा. गाय वाचली, वासरू गेलं. त्या रात्री फोनवर तिनं काही विनोद केला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती म्हणाली, "आई, या गाडीला टर्बो बसवून दे."

टर्बो म्हणजे एक छोटं चक्र. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर ते फिरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. विरळ हवेवर औषधच ते. पण मूळ इंजिन ज्या भाराच्या हिशेबानं घडवलेलं, त्याहून कितीतरी जास्त भार आणि जास्त उष्णता त्याच्या नशिबी येते.

"कंपनीनं विचार करून बनवलंय ते. त्यांच्यापेक्षा आपण शहाणे?" असं म्हणत ताईंनी दोन वर्षं ऐकलं नाही. मग एका रविवारी लेक कुठल्यातरी दुकानाचं पत्रक घेऊन आली. त्यावर लिहिलं होतं, एका दिवसात टर्बो, इंजिन न उघडता.

"न उघडता?" ताई ताडकन उठल्या. "आत काय आहे ते न बघता? अगं, डॉक्टर ना तू? न तपासता सुई टोचतेस का?"

"मग काय करू? तू तर करत नाहीस."

"मी करते! आण गाडी सोमवारी."

हे ऐकायलाच लेक ते पत्रक घेऊन आली होती, हे ताईंच्या लक्षात यायला दोन आठवडे लागले. तोवर इंजिन उघडून टेबलावर आलं होतं.

ताईंनी काम मन लावून केलं. आधी चारही सिलिंडरचा दाब मोजला, चारही सारखे निघाले. मग मूळचे पिस्टन काढून जास्त मजबूत, माथ्यावर खोलगट असलेले पिस्टन घेतले, म्हणजे हवा कोंबली तरी आत दाब बेताचा राहील. इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली, म्हणजे हेडखाली, गळती अडवणारं जाड तांब्याचं गॅस्केट आलं. हेडचे बोल्ट जाऊन पोलादी स्टड आले. टर्बोतून परतणारं तेल खाली यावं म्हणून मामांनी तेलाच्या चेंबरला भोक पाडून नळी जोडून दिली, आणि ताईंनी ते चेंबर तीनदा धुतलं, लोखंडाचा एक कण राहू नये म्हणून. प्लग बदलले. गुरुवारी इंजिन बंद केलं, शुक्रवारी गाडीत चढवलं, शनिवारी टर्बो जोडून सुरू केलं. काय आवाज होता! नुसती गुरगुर. मामा लेथ बंद करून ऐकायला आले. टर्बोला अजून पूर्ण दाब द्यायचा नव्हता. ते काम सोमवारी ट्यूनर, म्हणजे लॅपटॉपवर इंजिनाचं गणित जुळवणारा माणूस, येऊन करणार होता आणि मंगळवारी लेक गाडी घेऊन घाट चढणार होती.

रविवारी सकाळी ताई निवांत चहा पीत बसल्या होत्या. यजमान शिंपी. पुढच्याच खोलीत त्यांचं मशीन. पाव चहात बुडवत ते म्हणाले, "अगं, काल माझी काय फजिती झाली सांगू? ते बँकेतले साहेब नाहीत का, बावीस वर्षं माझ्याकडे शिवतायत. आता पोट सुटलंय त्यांचं. नवं माप घेतलं, वहीत लिहिलं, वही समोर उघडी ठेवली आणि पँट कापली ती जुन्या मापानं!"

"वही समोर असून?"

"वही समोर असून! डोळे वहीवर, पण कात्री बावीस वर्षांच्या सवयीनं चालली."

ताई खळखळून हसल्या. चहाचा घोट घेतला. आणि कप तसाच खाली ठेवला.

पिस्टनच्या भोवती पोलादी रिंगा असतात. रिंग पूर्ण गोल नसते, तिच्या दोन टोकांमध्ये फट असते. इंजिन तापलं की रिंग लांबते आणि ती फट कमी होते. फट पुरेशी नसेल तर टोकं एकमेकांवर आपटतात, रिंगेला जायला जागा उरत नाही, ती सिलिंडरच्या भिंतीत रुतते आणि पिस्टनचा काठ तोडून घेऊन जाते. साध्या इंजिनात मिलिमीटरचे पंचवीस शतांश पुरतात. टर्बोच्या उष्णतेला पंचेचाळीस लागतात. हे ताईंना पाठ होतं. त्यांनी ते या गाडीच्या नोंदीच्या कार्डावर लिहिलंही होतं. चार सिलिंडर, चार रकाने, चारही रकान्यांत पंचेचाळीस.

पण ते लिहिलं होतं काम सुरू करायच्या आधी. ही त्यांची जुनी खोड. नंतर हात तेलात बरबटतात, कार्डावर डाग पडतात, म्हणून त्या स्वच्छ हातानं आकडे आधीच भरून ठेवत आणि मग काम त्या आकड्याला आणून पोचवत. एकतीस वर्षांत या पद्धतीनं कधी दगा दिला नव्हता, कारण एकतीस वर्षांत आकडा कधी बदललाच नव्हता.

"काय झालं?" यजमानांनी विचारलं.

"काही नाही. चप्पल कुठेय माझी?"

"अगं, आज रविवार!"

"म्हणूनच. गॅरेजात कुणी नसेल."

शटर अर्धंच वर करून त्या आत शिरल्या. खणातून फिलर गेज काढलं. वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पोलादी पात्यांचा तो पंखा. फट मोजायची तर तिच्यात पातं सरकवून बघायचं. पंचवीसचं पातं वापरून वापरून आरशासारखं चकचकीत झालेलं. ताईंचा अंगठा न बघताही त्याच्यावर जाई. पंचेचाळीसचं पातं त्यांनी शोधून काढायला घेतलं, तर ते शेजारच्या पात्याला चिकटलेलं. कारखान्यातून येताना लावलेलं तेल वाळून त्याचा डिंक झाला होता. नखानं उचकटावं लागलं.

ते पातं या संचातून कधी बाहेर आलंच नव्हतं.

ताई स्टुलावर बसल्या. गुरुवारी फट वाढवायला रिंगांची टोकं घासताना पाच-सहा फेऱ्यांतच माप जुळलं होतं आणि त्या मामांना म्हणाल्या होत्या, "या कंपनीच्या रिंगा अगदी तयारच येतात हो!" तेव्हाच शंका यायला हवी होती. समोर गाडी उभी होती, धुऊन पुसून, बॉनेट लावलेली. इंजिन इतकं गोड चालत होतं याचंच आता त्यांना भय वाटलं. थंड असताना ते गोडच चालणार होतं. पंधराव्या वळणावर, मागे सामान, पुढे चढ, आणि तिथं फोनही लागत नाही. त्यांनी डोळ्यांसमोरचं ते चित्र झटकलं आणि फोन उचलला.

"हं आई, बोल."

"गाडी परवा मिळणार नाही. माझं चुकलंय. म्हणजे, चुकलंय असं वाटतंय. उघडून बघायला हवं."



"आई, तू आत्ता 'माझं चुकलंय' म्हणालीस?"

"हो."

"थांब, बाबांनाही फोनवर घेते. असा प्रसंग पुन्हा यायचा नाही."

"चेष्टा सुचतेय तुला! अगं, घाटात पिस्टन फुटला असता."

"पण फुटला नाहीये ना?"

"नाही."

"मग येते मी. तू काही खाल्लंयस का? नसशील. आणते."

मामा गॅरेजच्या मागेच राहत. बनियनवरच आले. सगळं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "म्हणजे कंपनीला आपण उगाच शाबासकी दिली."

तिघांनी मिळून काम सुरू केलं. पाणी काढलं, तेल काढलं, टर्बोच्या नळ्या सोडवल्या, हेड उचललं, गाडीखालून चेंबर उतरवलं. ताईंनी आवळलेले नट सोडवताना लेकीच्या कपाळाच्या शिरा ताणल्या.

"हे कुणी आवळलंय? माणसानं?"

"जोर लाव. नुसतं धरू नकोस."

"गायीच्या पोटातून वासरू ओढते मी, आई. ते याहून सोपं असतं."

पहिला पिस्टन वर आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. ताईंनी त्याची वरची रिंग अलगद काढली, पुसली, रिकाम्या सिलिंडरमध्ये ठेवली, पिस्टनच्या माथ्यानं हलकेच दाबून समतल केली. पंचवीसचं पातं फटीत लोण्यासारखं सरकलं. तीसचं पातं शिरेचना.

ताईंनी हातातलं पातं खाली ठेवलं आणि मोठ्ठा श्वास सोडला. त्यांना वाटलं होतं, आता मेल्याहून मेल्यासारखं होईल. तसं काहीच झालं नाही. उलट पाठीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं झालं. शंका खरी होती. तुटलेलं काहीच नव्हतं. लेक समोर उभी होती, नाकाला काळं लागलेली, आणि पाव खात होती.

"सापडलं," ताई म्हणाल्या.

चारही सिलिंडर तपासले. प्रत्येकी दोन, आठही रिंगा पंचवीस. एकही चोवीस नाही, एकही सव्वीस नाही.

"इतकं अचूक चुकलेलं काम मी आजवर पाहिलं नव्हतं," मामा म्हणाले, आणि ताईंना हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला गेल्या आणि कपाळभर तेल फासून घेतलं, मग लेकही हसायला लागली.

रिंगा घासायचं छोटं हातचक्र टेबलाला लावलं. लेक दांडा फिरवी, ताई मोजत. आता पद्धत बदलली होती. ताई पातं निवडत, लेक त्याच्यावरचा आकडा मोठ्यांदा वाचून दाखवी, फट जुळली की त्याच तेलकट हातानं कार्डावर लिही.

"तुमच्यात असं असतं का?" ताईंनी विचारलं. "मोठ्यांदा वाचायचं?"

"ऑपरेशननंतर बोळे मोजताना. मी मोजते, मदतनीस मोठ्यांदा मोजतो. आत एक राहिला तर गाय सांगायला येत नाही."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुला काय शिकवायचं, आई? तुझ्याकडूनच तर मोजायला शिकले."

ताईंनी उगाचच एक रिंग दोनदा पुसली.

चौथ्या रिंगेला त्यांचा हात अडला. फट आता पंचेचाळीस झाली होती, पातं सहज सरकत होतं, आणि तरी त्यांना ते बघवेना. एवढी मोठी फट आपल्या हातानं ठेवायची? बोटं म्हणत होती, हे ढिलं आहे, हे काम वाया गेलंय.

"बरोबर आहे ना गं?" त्यांनी विचारलं. असा प्रश्न त्यांनी या टेबलाशी कुणाला विचारल्याचं मामांना आठवत नव्हतं.

"पंचेचाळीस," लेक आकडा वाचत म्हणाली. "तापल्यावर जाईल ती कुठे? राहू दे की तिला जागा."

तिकडे मामांनी तांब्याचं गॅस्केट तापवायला घेतलं होतं. एकदा दाबलं गेलेलं तांबं कडक होतं, ते लालसर तापवून पाण्यात बुडवलं की पुन्हा मऊ पडतं आणि पुन्हा बसवता येतं. "पोलादाचं असतं तर नवं मागवावं लागलं असतं, आठवडा गेला असता," मामा चुर्र आवाजात ते पाण्यात सोडत म्हणाले. "तांबं समजूतदार."

यजमान डबा घेऊन आले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि चौथा पिस्टन आत जात होता. त्यांना सगळी हकिकत लेकीनं सांगितली. ते बराच वेळ इंजिनाकडे बघत राहिले. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"म्हणजे ती पँट मी चुकीची कापली म्हणून हे कळलं?"

"हो," ताई म्हणाल्या.

"मग साहेबांना सांगतो, कापड सत्कारणी लागलं."

"त्यांना नवं कापड तुम्ही द्या आधी!"

सोमवारी दुपारपर्यंत सगळं परत जोडून झालं. ट्यूनर आला, गाडी जागच्या जागी चाकं फिरू देणाऱ्या रोलरवर चढवली, लॅपटॉप जोडला. दाब द्यायच्या आधी त्यानं विचारलं, "ताई, रिंगांची फट किती ठेवलीये?"

"पंचेचाळीस."

"वा. तुम्ही तर घट्ट ठेवाल, असं सगळे सांगत होते. मी येताना धास्तावलोच होतो."

"मीही," ताई म्हणाल्या.

त्यानं हळूहळू दाब वाढवला. आधी थोडा, मग अर्धा, मग पूर्ण. इंजिन गरजलं, टर्बोची बारीक शीळ छपराला जाऊन भिडली, रोलर घणघणले. ताई हाताची घडी घालून बॉनेटशी उभ्या होत्या. ट्यूनरनं अंगठा वर केला, इंजिन शांत केलं, आणि तेलाचा दाब, सिलिंडरचा दाब, सगळं पुन्हा मोजून दाखवलं. कुठंच काही बिघडलं नव्हतं. ताईंचा जीव भांड्यात पडला, तोही अर्धाच. उरलेला अर्धा घाटासाठी राखून ठेवला होता.

म्हणूनच मंगळवारी पहाटे लेक गाडी काढायला आली, तेव्हा त्या आधीच शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसल्या होत्या.

"तू येतेयस?"

"मला काम आहे."

"काय?"

"ऐकायचंय."

घाट सुरू झाला. मागे खोकी, बाटल्या, बादल्या, सगळा संसार. ताईंचे कान इंजिनाला लागलेले, डोळे तापमानाच्या काट्यावर. पाचवं वळण, आठवं वळण. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. बाराव्या वळणावर एक बस पुढे दिसली आणि लेकीनं ती मागे टाकली. ती बस नेहमी तिला मागे टाकायची. ड्रायव्हरनं चकित होऊन हॉर्न वाजवला. चौदावं. पंधरावं. इंजिनानं नुसतं बाह्या सरसावल्यासारखं केलं आणि वर चढत राहिलं.

"आई," लेक समोर बघत म्हणाली, "श्वास घे."

"घेतेय."

"नाही घेत आहेस. मी डॉक्टर आहे."

माथ्यावर पोचल्यावर ताई खाली उतरल्या. बॉनेट उघडलं. हात जवळ नेला, वास घेतला, तेलाची कांडी काढून पाहिली. तेल स्वच्छ, कुठं पाझर नाही, धूर नाही. वारा बोचरा होता आणि पलीकडच्या गोठ्यातून गुरांचे आवाज येत होते. लेक बॅग उचलून तिकडे गेलीसुद्धा. आज ती पंचवीस मिनिटं आधी पोचली होती. ताईंनी बॉनेट खाली सोडलं आणि त्यावर हात टेकवून काही वेळ नुसत्या उभ्या राहिल्या.

परतीला ऊन वर आलं होतं. लेकीच्या अंगाला शेणाचा आणि औषधाचा वास येत होता, आणि ती एका हट्टी बैलाची गोष्ट सांगत होती. ताई हुंकार देत होत्या. उताराची वळणं त्यांनी डोळे मिटून मनात मोजायला घेतली, पहिलं, दुसरं, तिसरं. सहाव्यापर्यंत मोजल्याचं त्यांना आठवतं. सातवं कधी आलं आणि बैलाचं पुढे काय झालं, ते त्यांना घरी पोचल्यावर लेकीला विचारावं लागलं.